पाण्याची जबानी

मंडळी, वैशाखात दापोलीला येऊन पाण्यावर बोलावयाचे, म्हणजे उपाशी माणसाला पंक्तीचे वर्णन ऐकवण्यासारखे आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. पावसाळ्यात येथे तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. जांभ्याच्या भेगाभेगांतून तो खाली उतरतो, वहाळांतून समुद्राला मिळतो, आणि चैत्र सरतो न सरतो तोच विहिरींचे तळ दिसू लागतात. पाण्याची किंमत काय असते हे येथील माणसाला बाहेरच्याने येऊन शिकवावे, अशी स्थिती नाही. तरीही आम्ही हा विषय घेतला, त्यास एक कारण घडले. ते प्रथम सांगतो.

आमच्या संघटनेत काजू सोलणाऱ्या काही भगिनी आहेत. त्यांपैकी एकीने हप्त्याने एक यंत्र घेतले. गावात कोणी विक्रेते आले, त्यांनी शाळेच्या पडवीत प्रयोग करून दाखवला, रंगीत कागद वाटले, आणि नवऱ्याची सांधेदुखी या यंत्रातल्या पाण्याने बरी होईल असे तिला सांगितले. यंत्राची किंमत तिच्या चार महिन्यांच्या मजुरीएवढी होती. कागदावर लिहिले होते की, या यंत्रातून निघालेल्या पाण्याचे रेणू षट्कोनी रचनेत बसतात, ती रचना शरीराला मानवते, आणि ही गोष्ट क्ष-किरणांनी सिद्ध झालेली आहे. दोन हप्ते भरल्यावर ती तो कागद घेऊन आमच्याकडे आली व म्हणाली, “भाऊ, तुम्ही कागद वाचता. ह्यात क्ष-किरणांचं लिहिलंय. खरं असेल तर पोटाला चिमटा काढून हप्ते भरीन. खोटं असेल तर तसं सांगा.”

आम्ही विज्ञानाचे पदवीधर नव्हे. आमचे शिक्षण शाळेत थोडे, आणि संघटनेच्या कचेरीत व वाचनालयाच्या बाकावर अधिक झाले आहे. ‘असले सगळे थोतांड असते’ एवढे सांगून तिला वाटेस लावता आले असते. पण तिचा प्रश्न थोतांडाविषयी नव्हता, तर क्ष-किरणांविषयी होता. आणि प्रश्नाला उत्तर द्यावयाचे असेल तर विचारले असेल त्याचेच द्यावे लागते. म्हणून आम्ही वाचले, जाणत्यांना विचारले, आणि क्ष-किरणांनी पाण्याची तपासणी खरोखर झालेली आहे असे आढळले. त्या तपासणीवर वीस वर्षे मोठा वादही झाला आहे. तो वाद आपल्यापुढे मांडणे, हाच आजचा विषय होय.

आरंभ रेणूपासून करू. पाण्याचा एक रेणू म्हणजे प्राणवायूचा, म्हणजे ऑक्सिजनचा, एक अणू व हायड्रोजनचे दोन अणू. हे तिघे एका ओळीत बसत नाहीत; ऑक्सिजन मध्ये, आणि दोन्ही हायड्रोजन सुमारे १०४.५ अंशांचा कोन करून दोन बाजूंस. ऑक्सिजन व हायड्रोजन यांतील अंतर मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागाहूनही किंचित कमी आहे. ऑक्सिजन हा मोठा लोभी अणू आहे. भागीदारीतील इलेक्ट्रॉन तो आपल्याकडे ओढून धरतो. त्यामुळे हायड्रोजनची बाजू किंचित धन व ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण होते. मग एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. या ओढीस हायड्रोजन-बंध म्हणतात. लॅटिमर व रोडबुश या दोघा अमेरिकन रसायनज्ञांनी १९२० साली ही कल्पना स्पष्टपणे मांडली.

समजण्यास सोपे जावे म्हणून असे धरा की, प्रत्येक रेणूला दोन हात आहेत व दोन खांदे आहेत. हात म्हणजे त्याचे दोन हायड्रोजन. खांदे म्हणजे ऑक्सिजनवर मोकळ्या बसलेल्या इलेक्ट्रॉनांच्या दोन जोड्या. आपले दोन हात दोघा शेजाऱ्यांच्या खांद्यांवर ठेवावयाचे, आणि आपल्या दोन खांद्यांवर दुसऱ्या दोघांचे हात घ्यावयाचे. असे एकाचे चौघांशी नाते जुळते. बर्फात प्रत्येक रेणूचे हे चारही बंध जागच्या जागी असतात. बर्फाची घडण त्यामुळे ऐसपैस व पोकळ होते, आणि म्हणूनच बर्फ पाण्यावर तरंगतो.

हा बंध दुबळा आहे. रेणूच्या आतील ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तोडावयास जेवढी शक्ती लागते, तिच्या साधारण विसाव्या भागात हायड्रोजन-बंध तुटतो. पण दुबळ्यांनी एकमेकांना धरून ठेवले म्हणजे काय होते, हे संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाला निराळे सांगावयास नको. गंधक व हायड्रोजन यांचा वायू, ज्याला सडक्या अंड्याचा वास येतो, त्याचा रेणू पाण्याच्या रेणूच्या जवळजवळ दुप्पट जड आहे. जड रेणू उकळण्यास अधिक उष्णता लागावी असा साधारण नियम. पण तो वायू शून्याखाली ६० अंशांवरच उकळतो, आणि पाणी शून्यावर १०० अंशांपर्यंत टिकून राहते. हा फरक हायड्रोजन-बंधांचा आहे. ते नसते तर आपल्या विहिरींत, नद्यांत, रक्तात द्रवरूप पाणीच नसते. माठाच्या अंगातून थोडेसे पाणी उडून जाते आणि आतले सगळे गार होते, तेही याच कारणाने: उडून जाणाऱ्या प्रत्येक रेणूला शेजाऱ्यांचे हात सोडवून घ्यावे लागतात, आणि त्यासाठी लागणारी उष्णता तो मागे राहिलेल्या पाण्यातून घेतो. एक किलो पाण्याची वाफ व्हावयास सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता खर्ची पडते.

येथवर कोणाचे दुमत नाही. दुमत आहे ते द्रव पाण्याविषयी. बर्फात चार हात जुळलेले, वाफेत एकही नाही. मग वाहत्या पाण्यात किती? आणि ते कसे वाटलेले? गंमत अशी की, हा प्रश्न विचारणाऱ्या पहिल्या मंडळींत विल्हेल्म रोंटगेन यांचे नाव आहे. त्यांनी क्ष-किरण शोधले १८९५ साली. पण त्याआधी तीन वर्षे, १८९२ मध्ये, त्यांनी असे सुचवले होते की पाणी हे दोन प्रकारच्या घटकांचे मिश्रण असावे. काही भाग बर्फासारखा सैल रचलेला आणि काही भाग अधिक दाटीचा. चार अंशांवर पाणी सर्वांत घन का असते, याचा उलगडा त्यांना त्यातून करावयाचा होता. याउलट बर्नाल व फाउलर यांनी १९३३ साली निराळे चित्र मांडले, आणि ज्या मतास पुढे बहुमान्यता मिळाली ते त्यातूनच वाढले: दोन जाती वगैरे काही नाही, सगळेच रेणू चौघांशी नाते ठेवू पाहतात, पण धक्काबुक्कीत कोणाचा हात वाकडा, कोणाचा सैल, कोणाचा क्षणभर सुटलेला, एवढेच.

हे दोन पक्ष इतकी वर्षे का टिकले? कारण बहुतेक मोजमापे सरासरी सांगतात. आमच्या व्यवहारातले उदाहरण देतो. एखाद्या कारखान्यात १०० कामगार आहेत आणि दिवसाअखेर हिशेब निघाला की, दरडोई सरासरी चार तास काम झाले. याचा अर्थ काय? सगळ्यांनी अर्धा दिवस काम केले असेल. किंवा ५० जणांनी पुरे आठ तास केले आणि ५० जण दरवाज्याबाहेर बसले असतील. हिशेबाच्या कागदावर दोन्ही सारखेच. पण एक आहे कामाची टंचाई आणि दुसरा आहे संप! तद्वत् क्ष-किरण पाण्यावर टाकून ते कसे विखुरतात हे पाहिले, तर दोन शेजारी ऑक्सिजनांतील अंतर मिलिमीटरच्या कोटीव्या भागाच्या सुमारे २.८ पट आहे आणि प्रत्येकास साधारण चार-साडेचार निकटचे शेजारी आहेत, हे कळते. पण ही झाली सरासरी. शिवाय हायड्रोजनजवळ एकच इलेक्ट्रॉन. क्ष-किरणांना तो जवळजवळ दिसतच नाही. हात कोणाच्या खांद्यावर आहे हे पाहावयाचे, आणि हातच दिसत नाही, अशी ती अडचण.

येथे क्ष-किरणांचा वर्णपट कामास येतो. विखुरणे निराळे व वर्णपट निराळा. हा भेद ध्यानात ठेवावा. ऑक्सिजनच्या आठ इलेक्ट्रॉनांपैकी दोन अगदी आत, जणू खोल आडाच्या तळाशी बसलेले असतात. त्यांना वर काढावयास सुमारे ५४० इलेक्ट्रॉन-व्होल्ट शक्ती लागते. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका कणात ही शक्ती दोन ते तीनच असते, आणि इस्पितळातील फोटोच्या क्ष-किरणांत हजारोंनी असते. म्हणजे हे किरण मधल्या पट्ट्यातले. त्यांस मृदू क्ष-किरण म्हणतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या आडाची खोली निराळी असल्यामुळे किरण ५४० च्या आसपास जुळवले की आतल्या आडातून उत्तर देतो तो ऑक्सिजनच. हायड्रोजनला असा खोल आडच नाही.

आता किरणांची शक्ती हळूहळू वाढवत न्यावयाची आणि पाणी किती किरण गिळते ते टिपावयाचे. बाहेर निघालेला इलेक्ट्रॉन एकदम पळून जात नाही. रेणूच्या भोवती ज्या रिकाम्या जागा असतात, त्यांपैकी एकीत तो प्रथम जाऊन बसतो. पहिली रिकामी जागा हायड्रोजनच्या बाजूस, म्हणजे हातांच्या टोकांकडे पसरलेली असते. तो हात शेजाऱ्याच्या खांद्यावर घट्ट असेल तर जागा दाबली जाते, वर सरकते. हात मोकळा किंवा सैल असेल तर जागा जशीच्या तशी राहते. म्हणून वर्णपटात ५३५ च्या आसपास एक लहानसा उंचवटा, ५३७-५३८ च्या आसपास मुख्य उंचवटा, आणि ५४०-५४१ च्या आसपास तिसरा दिसतो. बर्फात तिसरा मोठा व पहिला अगदी लहान. पाण्यात पहिला वाढलेला व तिसरा खचलेला. बोलू न शकणाऱ्या हायड्रोजनची हकिकत शेजारच्या ऑक्सिजनच्या तोंडून अशी निघते.

दुसरी रीत याच्या पुढची. आतल्या इलेक्ट्रॉनला पुरते हाकलून दिले की आडात खळगा पडतो. बाहेरच्या इलेक्ट्रॉनांपैकी एखादा त्यात उडी घेतो आणि जाता जाता सुमारे ५२६ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा क्ष-किरण सोडतो. हे किरण मोजले की बाहेरचे इलेक्ट्रॉन, विशेषतः खांद्यांवरचे, कोणत्या स्थितीत होते ते कळते. पहिल्या रीतीस शोषण-वर्णपट व दुसरीस उत्सर्जन-वर्णपट म्हणावे.

ऐकावयास हे सोपे वाटते, पण करणे फार कठीण. मृदू क्ष-किरण हवेत फार दूर जात नाहीत, म्हणून सगळा प्रयोग निर्वातात करावा लागतो; आणि निर्वातात पाणी ठेवले की ते भराभर उडून जाते. त्यावर दोन तोडगे निघाले. एक, अतिशय पातळ पापुद्र्याआड पाणी बंद करून ठेवणे. दुसरा, केसाहूनही बारीक धार वेगाने निर्वातात सोडावयाची आणि ती विरण्याच्या आत तिच्यावर किरण टाकावयाचे. ही दुसरी युक्ती जर्मनीत मानफ्रेड फाउबेल यांनी १९८० च्या दशकात साधली. किरणही साधे चालत नाहीत. वर्तुळात फिरणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांपासून निघणारा प्रखर प्रकाश, ज्यास सिंक्रोट्रॉन-प्रकाश म्हणतात, तो लागतो. आपल्या देशात अशी यंत्रे एकाच ठिकाणी आहेत: आपल्या मराठी माणसांच्या जुन्या ओळखीचे जे होळकरांचे इंदूर, तेथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात. ‘इंडस-१’ हे यंत्र १९९९ साली व ‘इंडस-२’ हे २००५ साली प्रकाश देऊ लागले, आणि मृदू क्ष-किरणांच्या शोषण-वर्णपटाची सोयही तेथे आहे. आणि प्रयोगाच्या जोडीला आकडेमोड हवी, तीत पुणे विद्यापीठाचे नाव निघते. प्रा. श्रीधर गद्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या रेणूंचे व पाण्याच्या पुंजक्यांचे लहान तुकडे पाडून, एकेक मोजून, पुन्हा बेरीज बसवण्याची रीत काढली. शिंपी कापड बेतून पुन्हा जोडतो, तशी ती शिंपीकामाची रीत म्हणून प्रसिद्ध आहे. बंध म्हणावे कशास, या मूळ प्रश्नावरही भारताचा हात आहे: हायड्रोजन-बंधाची जी नवी व्याख्या आंतरराष्ट्रीय रसायन-संघाने २०११ साली स्वीकारली, ती ठरवणाऱ्या मंडळाचे प्रमुख बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. अरुणन हे होते.

आता वादाकडे वळू. २००४ साली निल्सन, पेटरसन व त्यांचे सहकारी यांनी शोषण-वर्णपटावरून एक खळबळजनक निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे असे की, पाण्यातील बहुसंख्य रेणूंना चार नव्हे, दोनच बळकट बंध असतात: एक हात दिलेला, एक खांदा घेतलेला. म्हणजे पाणी हे जाळे नसून साखळ्या व कडी यांचा गुंता आहे! पाठ्यपुस्तके चुकीची ठरण्याची वेळ आली. त्याच वर्षी बर्कलीच्या सेकॅली व सहकाऱ्यांनी तसल्याच वर्णपटावरून उलट निष्कर्ष काढला: पहिला उंचवटा हात पूर्ण सुटल्यामुळेच दिसतो असे नाही, हात थोडा वाकडा झाला तरी पुरते, आणि तेवढे वाकडे होण्यास नेहमीची उष्णतेची धक्काबुक्की पुरेशी आहे. साक्षीदार एकच, जबानी एकच, आणि दोन वकिलांनी तिचे दोन अर्थ काढले.

२००८ साली जपानमधील प्रयोगाने वाद पेटला. उत्सर्जन-वर्णपटात खांद्यावरच्या इलेक्ट्रॉनांचा जो एकच उंचवटा असावयाचा, त्याचे पाण्यात दोन तुकडे झालेले दिसले. त्यांत अंतर सुमारे एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट. मिश्रणाचा पक्ष म्हणाला, पाहा, दोन उंचवटे म्हणजे दोन जातीचे रेणू. रोंटगेन खरे ठरले! त्यावर जर्मनीतील दुसऱ्या गटाने जड पाण्याचा पुरावा पुढे केला. जड पाण्यात हायड्रोजनच्या जागी त्याच्या दुप्पट वजनाचा भाऊ असतो. रचना जवळजवळ तीच, पण हालचाल मंद. दोन उंचवटे खरोखर रचनेचे असते, तर दोन्ही पाण्यांत ते जवळजवळ सारखेच दिसावयास हवे होते. प्रत्यक्षात त्यांच्या उंचीचे प्रमाण बदलले. याचा अर्थ, उंचवट्यांचा संबंध अणूंच्या हालचालीशी आहे.

कोणती हालचाल? येथे सगळ्या प्रकरणाचे मर्म आहे. क्ष-किरणाने आतला इलेक्ट्रॉन हाकलला की रेणू जखमी होतो. ती जखम भरून निघण्यास साधारण चार फेमटोसेकंद लागतात. सेकंदाचे लाख कोटी भाग केले की एक पिकोसेकंद, आणि त्याचाही हजारावा भाग म्हणजे फेमटोसेकंद. एवढ्याशा काळातही हलका हायड्रोजन आपल्या जागेवरून सरकू शकतो. मग उत्तर देणारा रेणू हा आपण प्रश्न विचारला तेव्हाचा रेणू राहत नाही. प्रश्नामुळे बदललेला रेणू असतो.

आम्हांला हे वाचताना कारखान्यातल्या चौकशा आठवल्या. एखाद्या कामगाराला व्यवस्थापकाच्या खोलीत उभे करून विचारले, ‘तू संपात आहेस काय?’ तो ‘नाही’ म्हणतो. त्याच कामगाराला घरी, ओटीवर बसवून विचारले तर निराळे सांगतो. दोन उत्तरे आली म्हणून कामगारांत दोन जाती आहेत असे नव्हे. पहिले उत्तर त्याच्या मनाचे नसून त्या खोलीचे आहे. चौकशी करणाऱ्याने पहिली शंका घ्यावयाची ती आपल्या प्रश्नाची.

पण शंका घेणे निराळे व सिद्ध करणे निराळे. रेणू हालण्याच्या आधी त्याचे उत्तर टिपता आले तरच निकाल लागेल. त्यासाठी फेमटोसेकंदाचाही हजारावा भाग, म्हणजे ॲटोसेकंद, या मापाने मोजावे लागणारे क्ष-किरणांचे ठोके हवेत. ते अमेरिकेत स्टॅनफर्ड येथील क्ष-किरण लेझरवर साधले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अनेक संस्थांच्या एकत्रित गटाने निकाल प्रसिद्ध केला. पाण्याच्या पातळ पडद्यावर एका ठोक्याने इलेक्ट्रॉन उडवला, आणि हायड्रोजनला सरकण्यास सवड मिळण्याच्या आत दुसऱ्या ठोक्याने वर्णपट घेतला. अणू जणू जागच्या जागी थिजलेले असताना घेतलेली ही जबानी. तीत दोन जातींचा मागमूस दिसला नाही. उत्सर्जन-वर्णपटातील दुभंगलेला उंचवटा हा हालचालीमुळे येतो. साध्या तापमानाच्या पाण्यात दोन प्रकारच्या रचना असल्याचा तो पुरावा नव्हे, असा त्यांचा निष्कर्ष.

याने सगळे संपले काय? नाही. प्रामाणिकपणे सांगावयाचे तर एका साक्षीचा निकाल लागला, खटल्याचा नव्हे. पाणी न गोठवता शून्याखाली फार दूर नेले, तर तेथे कमी दाटीचा व अधिक दाटीचा असे दोन द्रव खरोखर असावेत, असे संगणकावरील आकडेमोडीने १९९२ पासून सुचवले आहे. त्यास अनुकूल असा प्रत्यक्ष पुरावा निल्सन यांच्याच गटाने दक्षिण कोरियातील क्ष-किरण लेझरवर मिळवून २०२० साली प्रसिद्ध केला. म्हणजे ज्या माणसांचा एक अर्थ ढासळला, त्यांनी दुसऱ्या वाटेने मोलाची भर घातली. मात्र ती स्थिती शून्याखाली साठाहून अधिक अंशांची व मोठ्या दाबाची, आणि तीही क्षणभर टिकणारी आहे. आपल्या माठात ती येत नाही.

आता त्या भगिनीच्या कागदाकडे परत येऊ. षट्कोनी पाणी. बर्फात षट्कोन असतात, हे खरे. द्रव पाण्यातही रेणूंची कडी बनतात. पाचांची, सहांची, सातांची. पण ती टिकतात किती? द्रव पाण्यातील एक हायड्रोजन-बंध साधारण एका पिकोसेकंदाच्या आसपास मोडतो व दुसऱ्या शेजाऱ्याशी जुळतो. यंत्राने पाण्यात एखादी घडी घातली असे घटकाभर मानले, तरी तोटीतून पेल्यात पडेपर्यंत त्या घडीचे कोट्यवधी वेळा तुकडे होऊन नव्या घड्या पडलेल्या असतात. वीस वर्षांच्या वादातील दोन्ही पक्ष पाहा: दोन बंध म्हणणारे आणि चार बंध म्हणणारे, दोघांनाही हे बंध क्षणभंगुर असल्याचे मान्य आहे. बाटलीत भरून ठेवता येईल अशी रचना सापडली, असे त्यांपैकी कोणीही म्हटले नाही. कागदावरचे क्ष-किरण खरे. त्यांच्या नावावर खपवलेले वाक्य खोटे.

हे आम्ही त्या भगिनीला सांगितले. रेणू, हात, खांदे, हप्ते, सगळे. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी तिने विचारले, “म्हंजे भाऊ, मोठ्या मोठ्या शिकलेल्यांनापण एवढ्याशा पाण्याचं वीस वर्षं कळंना, आणि ह्या विकणाऱ्याला एका दिवसात कळलं?” आम्ही एवढ्या पुस्तकांतून जे काढले ते तिने एका प्रश्नात सांगितले. भरलेले दोन हप्ते परत मिळाले नाहीत. यंत्र मात्र विक्रेत्याने मुकाट्याने परत नेले. तिच्याच वाडीतील आणखी तिघी यंत्र घेणार होत्या. दोघी थांबल्या. तिसरीने घेतले, कारण तिच्या सासूला त्या पाण्याने बरे वाटते. तिच्याशी आम्ही वाद घातला नाही; तिच्याकडचे दार आम्ही बंद केलेले नाही.

ज्यांनी पैसे वाचवले, त्यांना एकच सुचवले. पाण्यावर खर्च करावयाचाच असेल तर जे खरोखर मोजता येते त्यावर करावा. विहिरीचे पाणी शासकीय प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. त्यात जंतू आहेत काय, किनाऱ्याजवळच्या विहिरीत खारेपणा किती शिरला आहे, हे तेथे कळते. टीसीएल पावडर विहिरीत वेळेवर पडते की नाही हे ग्रामपंचायतीला विचारावे. शंका आली तर पाणी उकळून प्यावे. यात षट्कोन नाहीत, पण जुलाब थांबतात. सांधेदुखीसाठी डॉक्टरांकडे जावे. त्या भगिनीच्या नवऱ्याला आता सरकारी दवाखान्यात औषध सुरू आहे.

शास्त्रज्ञांच्या या वादातून आम्ही स्वतः काय घेतले, तेही सांगतो. आम्हांलाही सभेत हात वर करावयास लावून मोजण्याची सवय आहे. मोजलेले हात किती खरे, आणि आम्ही समोर उभे होतो म्हणून वर झालेले किती, असा विचार आम्ही पूर्वी फारसा केला नव्हता. अलीकडे मोठ्या निर्णयाआधी आम्ही चिठ्ठ्या टाकून घेतो. आकडा कधी कधी कमी येतो. पण पुढे पाऊल टाकावयाचे तर त्याच आकड्यावर टाकलेले बरे, असे आम्हांस वाटते.

व्याख्यान संपल्यावर बाहेर माठ ठेवलेला आहे. तो भरण्यासाठी कार्यकर्त्यांनी आज दुपारी दोन खेपा केल्या, हे आम्ही पाहिले आहे. पेला अर्धाच भरून घ्यावा व मागच्यांस उरवावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.